समुद्रातलं बोअर

मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. माझ्या हातून झालेल्या बहुतेक गाढवपणांचं मूळ या एका वाक्यात आहे. गणिताच्या शिक्षकाचं चुकलं तर ते फळ्यावर दिसतं. भूगोलाच्या शिक्षकाचं तसं नाही. भिंतीवर नकाशा, हातात छडी आणि छडीच्या टोकाखाली अख्खं जग. वर्षानुवर्षं जगाला असं टोचत राहिलं की माणसाला वाटायला लागतं, हे सगळं आपल्याला विचारूनच चाललंय. समुद्र मी पाहिला होता तो शाळेच्या रत्नागिरी सहलीत, आणि तोही पोरं सांभाळायच्या नादात अर्धाच. तरी अरबी समुद्राच्या तळाशी काय काय आहे, हे मी छातीठोकपणे सांगत असे.

मुंबईजवळ समुद्रात तेल सापडलं तेव्हा या छातीठोकपणाला भलताच जोर चढला. शाळेच्या नकाशात ती जागा नव्हती, ती मी खडूनं ठिपका देऊन दाखवली. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी भाई दिसला, त्यालाही सांगायला गेलो.

"भाई, बॉम्बे हाय."

"हाय की," भाई म्हणाला. "कुठं जातीया?"

"तसं नव्हं. तेल सापडलंय त्या जागेचं नावच बॉम्बे हाय."

"मग कोल्लापूर काय न्हाय?"

भाई म्हणजे आमच्या गल्लीतला बोअरवाला. जुन्या लॉरीवर बसवलेलं जमिनीत भोक पाडायचं एक मशीन त्याच्याकडं होतं, आणि ते मशीन हा आमच्या गल्लीचा मान होता. खंडेनवमीला भाई त्याला झेंडूचा हार घालायचा, मोहरमात त्याच्या चिमणीला अत्तर लावायचा. पहाटे ते चालू झालं की गल्लीतल्या भांड्यांना कंप सुटायचा आणि कुणाला गजराचं घड्याळ लागायचं नाही. सगळ्या तालुक्यांतनं भाईला बोलावणं येई. त्याचा हिशेब सरळ होता. फुटाचा दर आधी ठरवायचा. खाली पाणी लागलं तर ते शेतकऱ्याचं, नुसती धूळ उडाली तरी फुटाचे पैसे भाईचे. पाणी जोरात लागलं तर शेतकरी खुशीनं त्याला फेटा बांधी आणि मटणाचं जेवण घाली. फेटा घेऊन, जेवून भाई पुढच्या गावाला जाई. हा हिशेब नीट लक्षात ठेवावा. आम्ही दोघं तो विसरलो होतो.

ऐंशीच्या पुढं दक्षिणेकडची नवी मशीनं जिल्ह्यात शिरायला लागली. मोठ्या गाड्या, मोठे कॉम्प्रेसर. भाईच्या मशीनला ज्या काळ्या दगडाशी दिवस दिवस झगडावं लागे, तो ही मशीनं दुपारच्या जेवणापर्यंत फोडून मोकळी होत. भाईनं ओळखलं की नवं मशीन घेतलं नाही तर आपलं काम संपलं. त्यानं पै-पै साठवली होती. नव्या मशीनचा विसार, म्हणजे बयाणा, द्यायचा तेवढा राहिला होता. तो देण्याआधी त्याला एका शहाण्या माणसाचा सल्ला हवा होता, आणि अल्लाच्या दयेनं शहाणा माणूस गल्लीतच राहत होता.

त्याच सुमाराला कोल्हापुरात शेअरची साथ आली होती. दूध संस्थेचे सेक्रेटरी, फौंड्रीवाले, गुळाचे अडते, आमच्या स्टाफरूममधले मराठीचे सर, ज्यांना स्वतःच्या बायकोच्या साडीचा भाव ठाऊक नसे, ते सगळे एकमेकांना मुंबईचे भाव सांगत फिरायचे. लक्ष्मीपुरीत एका दुकानाच्या माडीवर एक शेअरवाला बसायचा. आधी तो विम्याचा एजंट होता, त्याच्या आधी खताचा. माणूस तोच, पिशवीसुद्धा तीच, आतले कागद तेवढे बदलले होते. मी त्याच्याकडं शाळा सुटल्यावर जाऊन बसत असे आणि येताना फुकटचे फॉर्म घेऊन येत असे.

एक दिवस त्यानं माझ्यापुढं एक गुळगुळीत पुस्तिका टाकली. समुद्रात तेलासाठी विहिरी खोदणाऱ्या कंपनीची. मुखपृष्ठावर लाल सूर्य, निळा समुद्र आणि पाण्यात उभं असलेलं तीन पायांचं एक अवाढव्य लोखंडी टेबल. टेबलावर मनोरा, मनोऱ्यावर दिवे.

"सर, ही तुमच्या विषयातली," शेअरवाला म्हणाला. "बाकीच्यांना कळणार न्हाय, म्हणून मुद्दाम तुमच्यासाठी ठेवली."

एवढं पुरलं. हे वाक्य तो गुळाच्या अडत्याला सांगताना 'सर'च्या जागी 'शेट' म्हणत असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी पुस्तिका घरी आणली आणि वाचली, म्हणजे तिच्यातलं एक पान वाचलं. त्यावर समुद्रतळाखालच्या खडकांची माहिती होती, आणि त्यात मला एक चूक सापडली. चुनखडकाबद्दल काहीतरी ढिसाळ लिहिलं होतं. मी पेन्सिलनं ते दुरुस्त केलं आणि इतका खूश झालो की पुढची पानं वाचायची गरजच उरली नाही. पुढच्या पानांवर, मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरांत, सगळं काही प्रामाणिकपणे छापलेलं होतं. मशीन जपानात बांधलंय, त्याचं कर्ज जपानी येनमध्ये आहे, काम देणारं गिऱ्हाईक एकच आहे आणि करार ठराविक मुदतीचा आहे. बुडणाऱ्याला आधी कळवूनच बुडवायची ही पद्धत मला पुढं फार सभ्य वाटली. जपान मी वर्गात दर वर्षी शिकवत होतो. ज्वालामुखी, भूकंप, तुतीची झाडं, रेशमाचे किडे. भाईलाही ते सगळं सांगून झालं होतं. येन नावाचा किडाही तिथं असतो आणि तो इथपर्यंत येऊन खातो, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

भाई विसाराचं विचारायला आला तेव्हा मी त्याच्यापुढं ती पुस्तिका उघडली. त्यानं मुखपृष्ठावरच्या टेबलाकडं टक लावून पाहिलं. मग बोट लावून मनोऱ्याचे आडवे पट्टे तपासले, जसा एखादा पैलवान दुसऱ्या पैलवानाचा दंड बघतो.

"ह्ये आपलंच मशीन हाय की, सर. नुस्तं मोठं."

"आपलंच. समुद्रातलं बोअर."

"आणि पाण्याच्या जागी तेल लागतंय."

"तेल."

भाईनं पुस्तिका दोन्ही हातांनी परत दिली, कुणी देवळात प्रसाद देतं तशी. मग मी त्याला समजावलं की विसार आत्ता देण्यात शहाणपण नाही. पैसे वर्षभर या कंपनीत ठेव, दुप्पट होऊ दे, मग एक काय दोन मशीनं घे. जमिनीवरचं एक आणि समुद्रातल्यात भागीदारी. आमच्या घरातून एकच शंका आली, तीही बायकोची. समुद्रातलं तेल खारट असणार, ते कोण घेणार, असं तिचं म्हणणं पडलं. मी हसलो. घरातल्या अडाणीपणाला हसणं हा शिक्षकाचा आवडता विरंगुळा असतो.

लक्ष्मीपुरीच्या माडीवर मी भाईला घेऊन गेलो. भाईनं जन्मभर पाणाड्यांची टर उडवली होती. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात चालतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथं मारा. पाणी लागलं तर नारळाची करामत, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब. त्याची दक्षिणा मात्र आधीच खिशात. भाई त्यांची हुबेहूब नक्कल करून आम्हाला हसवायचा. तोच भाई आता शेअरवाल्यापुढं टोपी नीट करून बसला. शेअरवाल्यानं डोळे मिटले, पुस्तिका तळहातावर तोलली आणि म्हणाला, "भाई, ह्याला मरण न्हाय." भाईनं घरातल्या सगळ्यांच्या नावानं फॉर्म भरले. मीही भरले. कमिशन कुणाचं उभं राहिलं ते सांगायला नारळ लागत नाही.

आम्हाला मागितले तेवढे शेअर मिळाले. मागितले तेवढे मिळतात तेव्हा दुसऱ्या कुणी मागितलेले नसतात, हा नियम मी नंतर शिकलो. तेव्हा आम्ही त्याला आमचं पुण्य समजलो.

काही महिन्यांनी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. कंपनीच्या मशीननं खोदलेल्या विहिरीत तेल लागलं. मी पेपर घेऊन धावत भाईकडं गेलो. त्यानं मला तीन वेळा मोठ्यांदा वाचायला लावलं, मग दारात जाऊन गल्लीला सांगितलं, "तेल लागलं." त्या संध्याकाळी भाईच्या अंगणात तांबडा-पांढरा रस्सा शिजला. गल्लीनं भाईला फेटा बांधला. मलाही बांधला, तो सारखा डोळ्यांवर येत होता आणि त्यातनं दिसत काहीच नव्हतं, पण ती माझी नेहमीचीच परिस्थिती होती.

जेवताना एका म्हातारबांनी भाईला विचारलं, "आता रॉकेलचं तेवढं बघा. रेशनला दोन दोन आठवडं येत न्हाय."

"बघतो की," भाई म्हणाला.

"गल्लीला आधी द्या. मग बाकीच्यांस्नी."

"आधी गल्लीलाच," मीही म्हणालो. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत उच्चारलं.

दुसऱ्या दिवशी शेअरवाल्याकडं गेलो. भाव काल होता तिथंच होता. तेल लागलं, असं मी त्याला सांगितलं. तो जांभई देत म्हणाला, "वाचलं मी." आठवडाभरानं भाव थोडा उतरला. मी भाईला सांगितलं की तेल खोल आहे, वर यायला वेळ लागतो. भूगोल असा कामी येतो. त्यानंतर भाव उतरतच गेला आणि मी दर खेपेला नवा खडक शोधत गेलो.

नवं मशीन घ्यायचं लांबत होतं. जुनं मशीन गल्लीच्या तोंडाशी जास्त वेळ उभं राहायला लागलं. कागलकडचं एक ठरलेलं काम भाईच्या हातातून गेलं. शेतकऱ्यानं रात्रीत दक्षिणेकडची गाडी बोलावली. भाई मला म्हणाला, "सर, कंपनीच्या मालकाला एकदा भेटून येऊ. बोअरवाल्याचं बोअरवाल्याला कळतंय."

कंपनीची वार्षिक सभा मुंबईत होती. आम्ही गेलो. भाईनं फेटा बांधला होता. मालकाला मालक भेटायला निघालाय म्हटल्यावर तो बांधायलाच हवा होता. गार हवेचा हॉल, मऊ खुर्च्या, आणि दारातच प्रत्येकाला खाऊचा पुडा. मुंबईचे जुने शेअरहोल्डर पुडा घेऊन एका दारानं आत जात, दुसऱ्यानं बाहेर येत आणि पुन्हा पहिल्या दारात पुड्यासाठी उभे राहत. मला ते फार हलकट वाटले. त्या दिवशी त्या कंपनीकडून नफा काढणारी तेवढीच माणसं होती, हे कळायला मला संध्याकाळ झाली.

व्यासपीठावर सुटातली एक रांग बसली होती. मधले गृहस्थ चेअरमन. ते इंग्रजीत बोलले, पुष्कळ बोलले, आणि त्यात 'दुर्दैवानं' या अर्थाचा शब्द इतक्या वेळा आला की भाईनं मला त्याचा अर्थ विचारला. प्रश्न विचारायची वेळ आली तसा भाई उभा राहिला. माईक त्याच्याकडं आला, पण त्याला त्याची गरज नव्हती.

"कोल्लापूरसनं आलोय. तेल लागलं म्हनून पेपरात आलतं. त्यातला आमचा वाटा कुठं हाय?"

हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं. चेअरमननी शेजारच्या सेक्रेटरीकडं पाहिलं. सेक्रेटरी मराठी होते, अगदी धुतलेल्या मराठीचे.

"तेल सरकारचं असतं," ते म्हणाले. "विहिरीचं कामही सरकारी तेल खात्याचं. कंपनी फक्त खोदून देते. त्याचं कंपनीला दिवसाप्रमाणे भाडं मिळतं. तेल लागलं काय, न लागलं काय, भाडं तेच."

भाई उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं ते मला बाजूनं दिसलं.

"मग भाडं मिळतंय न्हवं?"

"मिळत होतं. करार संपला. जगात तेल स्वस्त झाल्यामुळे नव्या विहिरी कुणी खोदत नाही. नवा करार अजून झालेला नाही."

"मशीन कुठं हाय?"

"समुद्रातच उभं आहे."

"आणि उभं राहायचा खर्च? मानसं, डागडुजी, कर्जाचा हप्ता. त्ये कोन देतंय?"

सेक्रेटरींनी कागद सारखे केले. "आपण," ते म्हणाले.

एवढा वेळ तेल सरकारचं होतं, भाडं कंपनीचं होतं, करारही कंपनीचा होता. खर्चाची पाळी आली तसे आम्ही एका शब्दात मालक झालो. येन महाग झाल्यामुळे कर्ज मूळच्यापेक्षा कसं फुगलंय हेही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. माझ्या मान डोलावण्यात तज्ज्ञपणा असे. पुढं चेअरमननी समुद्रातल्या वादळांविषयी आणि भागधारकांच्या धीराविषयी चार शब्द सांगितले, त्यातल्या वादळाशी त्यांचा स्वतःचा संबंध सुटापुरताही आलेला दिसत नव्हता.

बाहेर जिन्यात भाई कठड्याला धरून थांबला. फेटा काढून त्यानं काखेत धरला.

"सर, मी किती वर्सं बोअर मारतोय?"

"पुष्कळ."

"एका तरी शेतकऱ्यानं मला पान्यात वाटा दिला?"

"न्हाय."

"मी कधी मागितला?"

"न्हाय."

"मग हितं कशाला मागाय आलतो मी?"

खडक संपले होते. मी येनचं सांगायला सुरुवात केली. जपानचं चलन कसं वधारलं, आपलं कसं घसरलं. भाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"जपानचं तुमास्नी आधीपासनं म्हाईत होतं?"

"तसं शिकवतो मी."

"मला किडं सांगितलंसा. रेशमाचं," भाई म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

कोल्हापुरात आल्यावर आम्ही माडीवर गेलो. शेअरवाल्याच्या टेबलावर आता सिमेंट कंपनीचे फॉर्म होते. तेलाबद्दल बोलताना त्याचा आवाज दूरच्या नातेवाइकाच्या दुखण्याबद्दल बोलावं तसा झाला होता.

"आत्ता विकू नका भाई. लांबचा विचार करा. मशीनला गंज तर लागत न्हाय."

"समुद्रात?" भाई म्हणाला.

शेअरवाल्यानं विषय सिमेंटवर नेला. भाईनं मिळाले त्या भावात सगळे शेअर विकून टाकले. जे हातात आलं त्यात नव्या मशीनची चाकं आली असती, वरचं काही नाही. मी माझे विकले नाहीत. मला कंपनीची आशा होती असं नाही. विकले असते तर चुकलो असं झालं असतं, आणि ठेवले तर मी अजून लांबचा विचार करत होतो. लांबचा विचार करणारा माणूस म्हणून मी शाळेत काही काळ मानानं वावरलो. पुढं त्या कागदांची किंमत त्यांच्या कागदाइतकीसुद्धा उरली नाही, कारण त्यांच्या पाठीवरही छापलेलं होतं, नाहीतर निदान बायकोनं त्यांवर वाण्याची यादी तरी लिहिली असती.

आता दोन मशीनं उभी होती. एक अरबी समुद्रात, एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी. समुद्रातल्याच्या उभं राहण्याबद्दल पेपरात लेख येत होते. गल्लीतल्याच्या चाकांखाली कुत्री झोपत होती. बायका जाता-येता त्याच्या पट्ट्यावर वाळत घातलेले कपडे उलटे करत. भाभींनी पहिल्यांदा तिथं पापड घातले त्या दिवशी भाई जेवला नाही, असं आमच्या बायकोनं मला सांगितलं. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

शेवटी जुनं मशीन विकत घ्यायला शाहूवाडीच्या डोंगरातलं एक गिऱ्हाईक आलं. तिकडच्या अरुंद चढाच्या वाटांवर दक्षिणेकडच्या मोठ्या गाड्या वळतच नव्हत्या, भाईची बुटकी लॉरी वळली असती. हे त्या माणसाच्या ध्यानात आलं होतं. आमच्या आलं नव्हतं, आम्ही समुद्रात बघत होतो. सौदा झाला. भाईनं दक्षिणेकडच्या मशीनवाल्यांशी बोलणं करून ठेवलं होतं. शेतकरी गाठून द्यायचे, प्रत्येक बोअरमागं काहीतरी घ्यायचं. ज्यांच्यामुळं मशीन घ्यायचं होतं, त्यांच्याच मशीनसाठी गिऱ्हाईक शोधायचं.

लॉरी पोचवायला निघताना भाई माझ्या दारात थांबला आणि म्हणाला, "चला, सर." मी गेलोही नसतो, पण नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. रस्ताभर लॉरीचाच आवाज एवढा होता की न बोलण्याची अब्रू राहिली. वर डोंगरात पोचल्यावर नव्या मालकानं चालू करून दाखवा म्हटलं. भाईनं ते चालू केलं, भाताच्या खाचराशेजारी थोडं भोक पाडून दाखवलं, बंद केलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि चिमणीवर हात पुसला. नवा मालक म्हणाला, जेवून जावा. भाई म्हणाला, एस.टी. चुकंल.

एस.टी.त तिकिटासाठी मी खिशात हात घातला. भाईनं माझा हात धरला आणि दोन्ही तिकिटांचे पैसे दिले.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं पैसं समुद्रात हाईत," तो म्हणाला.

मलकापूर सोडल्यावर समोरच्या बाकावरचा एक शेतकरी भाईच्या हाताचं वंगण बघून वळला. "पावणं, बोअर मारता व्हय?"

भाईनं हात मांडीला पुसला.

"मारून देतो," तो म्हणाला. "मशीन दुसऱ्याचं हाय."

"आमच्याकडं वरच्या रानात मारायचं हाय. पानी लागंल का?"

"त्ये ह्यांस्नी इचारा." भाईनं माझ्याकडं बोट केलं. "भूगोलाचं सर हाईत. जमिनीखालचं सगळं सांगत्यात."

त्या पावण्यानं माझ्याकडं मोठ्या आदरानं पाहिलं आणि आपलं रान कुठल्या अंगाला आहे ते सांगायला सुरुवात केली. मी खिडकीची काच खाली ओढायला लागलो. ती अडकलेली होती.